न्यूटन-सेकंद फोडून दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

अकरावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना तुम्ही आवेग (बल × काळ) आणि संवेग (वस्तुमान × वेग) यांच्या एककांवर चार पानी टिपण स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंत. त्याचे मनापासून आभार. पत्र उघडच लिहितोय, म्हणजे इतर शिक्षकांनाही त्यातलं काही घेता येईल.

मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: संवेग किग्रॅ·मी/से मध्ये, आवेग न्यूटन-सेकंदात, मग दोन्हींचं एकक एकच कसं? तुम्ही आधी न्यूटन फोडायला लावलात. एक किलो वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला १ मी/से ने वाढवणारं बल म्हणजे एक न्यूटन, अर्थात किग्रॅ·मी/से². त्याला सेकंदाने गुणलं की छेदातला एक सेकंद कटतो आणि किग्रॅ·मी/से उरतं. इथवर कुठलंही पुस्तक नेतं. पण त्याखाली तुम्ही लिहिलंत की खात्यातली शिल्लक आणि खात्यात झालेली जमा, दोन्ही रुपयांतच मोजतात. संवेग ही त्या क्षणाची शिल्लक, आवेग ही मधल्या काळातली जमा. ‘आवेग म्हणजेच संवेग’ असं लिहिणारी मुलं या एका ओळीने सावरतात, आवेग हा संवेगातला बदल आहे हे त्यांना पटतं.

तुमचं चेंडूचं उदाहरण तर आम्ही जसंच्या तसं उचललं. चेंडू १६० ग्रॅमचा, वेग ताशी १०८ किमी. आधी ०.१६ किग्रॅ आणि ३० मी/से करून घ्यायचं, मगच गुणायचं: ४.८ किग्रॅ·मी/से. घाईत १६० × ३० करणाऱ्याला ४८०० मिळतात, पण ते ग्रॅम·मी/से, म्हणजे ना एसआय (मीटर-किलोग्रॅम-सेकंद) ना सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद). सीजीएसमध्ये हवं तर मीटरचेही सेंटिमीटर करावे लागतात, आणि उत्तर येतं ४,८०,००० ग्रॅम·सेंमी/से, म्हणजे तेवढेच डाइन-सेकंद (डाइन हे सीजीएसमधलं बलाचं एकक).

आता फलंदाजाने तो चेंडू सरळ उलट दिशेला २० मी/से ने परतवला. बदल ०.१६ × (३० + २०) = ८ न्यूटन-सेकंद. निम्मा वर्ग ३० मधून २० वजा करतो आणि १.६ लिहितो. एकक अगदी बरोबर, उत्तर साफ चूक. एकक तपासून चिन्हाची चूक सापडत नाही, म्हणून आधी दिशेचा बाण काढा, हा तुमचा आग्रह आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आलेखाचं पान सगळ्यात सुंदर. बल–काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे आवेग हे पाठ असतं, तरी मुलं उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये देतात. तुम्ही उभ्या अक्षावर १ सेंमीला १ किलोन्यूटन आणि आडव्या अक्षावर १ सेंमीला ०.२५ मिलिसेकंद घेतलंत, आणि पेन्सिलीने एकच चौकोन रंगवून त्यात लिहिलंत: ०.२५ न्यूटन-सेकंद. किलोमधला हजार आणि मिलीमधला हजारावा भाग एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे दहाचे घात सांभाळत बसावं लागत नाही. त्रिकोणाचा पाया ८ सेंमी, उंची ८ सेंमी, चौकोन ३२. पुन्हा तेच ८ न्यूटन-सेकंद! पायाचा काळ २ मिलिसेकंद, म्हणून सरासरी बल ४ किलोन्यूटन, शिखराच्या बरोबर निम्मं. शिखराचं बल काळाने गुणणाऱ्याचं उत्तर दुप्पट का येतं, हे त्या कागदावर नुसतं बोट ठेवून दाखवता येतं.

‘एककावर एवढं काय अडतं?’ असं विचारणाऱ्यांसाठी तुम्ही नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची हकिगत दिलीत. यानातल्या फिरत्या चाकांत साठलेला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, उतरवायला छोटे थ्रस्टर (यानाला ढकलणारी छोटी इंजिनं) पेटवावे लागत. त्या आवेगाचे आकडे जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-बल-सेकंदात देत होतं आणि मार्ग ठरवणारे ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. एक पाउंड-बल-सेकंद म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन-सेकंद, त्यामुळे प्रत्येक ढकल कमी धरली गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी ठरल्यापेक्षा फार खालून, सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून गेलं आणि कायमचं हरवलं. चुकलेली राशी नेमकी आवेगच होती, म्हणून हे उदाहरण या धड्यात इतकं चपखल बसतं.

आता एक विनंती. कोनीय संवेगाचं एकक किग्रॅ·मी²/से, तेच न्यूटन-मीटर-सेकंद आणि तेच जूल-सेकंद. इथे न्यूटन-मीटर दिसला की मुलं त्याला ऊर्जा समजतात, खरं तर तिथे ते बलाचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा परिणाम (टॉर्क), असतं. सवडीने यावरही दोन पानं लिहून द्याल का? आलेखाचे कागद आम्ही आखून ठेवतो.

आपले नम्र,
अकरावीला भौतिकशास्त्र शिकवणारे आम्ही सगळे