आई-बाबांना, ओकिनावाहून

प्रिय आई-बाबा,

सा. न.

आधी हे वाचा, मी ठणठणीत आहे. आई, इथल्या अमेरिकी सैनिकाने एका मुलीवर अत्याचार केल्याच्या बातमीचा तो व्हिडिओ दादाने ग्रुपवर टाकल्यावर तू किती फोन केलेस गं, मी लॅबमध्ये होते, आत फोन नेता येत नाही. आणि ती केस आत्ताची नाहीये, २०२३ ची आहे, हे यूट्यूबवाले जुन्याच बातम्या नव्याने फिरवतात. तेव्हा "तिथे राहतेस तरी कशाला" हे लगेच सुरू करू नकोस. इथे अमेरिकेचे लष्करी तळ आहेत हे मी यायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं.

हो, जास्तच आहेत. जपानच्या एकूण जमिनीच्या ०.६ टक्के म्हणजे ओकिनावा, आणि खास अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या जागेपैकी साधारण ७० टक्के जागा इथेच. त्यामुळे सैनिक रोज दिसतात, पण दिसतात म्हणजे काय तर सुपरमार्केटच्या रांगेत कडेवर पोर घेऊन उभे. त्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर इंग्रजी वाय असतो, लांबूनच कळतं. उशीर झाला तर मी एकटी येत नाही, मैत्रीण असते बरोबर.

इथली एक गंमत सांगते. संध्याकाळी गावभर खांबांवरच्या भोंग्यांतून गाण्याची धून वाजते. लग्न नाही, निवडणूक नाही, चक्क नगरपालिका वाजवते. भूकंप-त्सुनामीचा इशारा द्यायला हे भोंगे लावलेत, मग ते चालू आहेत का बघायला रोज वाजवायचे, आणि वाजवायचेच तर त्यावर पोरांनी खेळ थांबवून घरी जायचं असा रिवाज पडलाय. कोणी गॅलरीतून हाका मारत नाही, मैदानावरची पोरं आपणहून बॉल उचलतात आणि निघतात. मला अजून नवल वाटतं.

त्या केसमधली मुलगीही पार्कमध्येच होती. सोळापेक्षा लहान. हवाई दलाच्या सैनिकाने तिला गाडीत बसवून स्वतःच्या घरी नेलं. मार्च २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, टोकियोच्या सरकारला माहीत होतं, आणि ओकिनावाच्या प्रांत सरकारला कळलं जूनच्या शेवटी, तेही बातम्यांमधून! मधल्या मधे इथल्या प्रांताची निवडणूकसुद्धा उरकून गेली. गव्हर्नर तामाकी भडकले, आणि लोकांचा राग त्या सैनिकाइतकाच या लपवाछपवीवर होता, मला तर तो रास्तच वाटतो. डिसेंबरमध्ये नाहाच्या, म्हणजे इथल्या राजधानीच्या, कोर्टाने त्याला ५ वर्षं दिली.

बाबा, तुम्ही विचारलंत पकडतं कोण. अमेरिकी सैन्याबद्दल जपान आणि अमेरिकेचा १९६० चा करार आहे. ड्युटीबाहेर गुन्हा केला तर खटला चालवायचा पहिला हक्क जपानचा, पण आरोपी अमेरिकेच्या ताब्यात असेल तर आरोपपत्र होईपर्यंत त्यांच्याकडेच राहतो. १९९५ ला तीन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला तेव्हा पोलिसांकडे वॉरंट असून ताबा मिळेना. ऑक्टोबरमध्ये निषेधाला ८५ हजार माणसं जमली असं आयोजक सांगतात. त्यानंतर अमेरिका एवढंच म्हणाली की खून आणि बलात्कारात आधी ताबा द्यायचा सहानुभूतीने विचार करू. म्हणजे मर्जी त्यांचीच, करारातला शब्दही बदलला नाही. त्या तिघांना पुढच्या वर्षी साडेसहा-सात वर्षं झाली.

आणि "आपल्या फौजेत असलं खपत नाही" म्हणालात ना, रागावू नका, पण यूएनच्या शांतिसेनेत गेलेल्या सैनिकावर तिथला देश खटला चालवूच शकत नाही, तो त्याच्या मायदेशानेच चालवायचा. २००७ ला हैतीतून श्रीलंकेचे शंभरावर सैनिक याच आरोपांवरून परत पाठवले होते. आपल्याकडे आर्मी ॲक्टचं कलम ७० तुम्हाला पाठच असेल, देशात साध्या नागरिकावर बलात्कार केला तर एरवी केस साध्या कोर्टात, पण देशाबाहेर केला तर कोर्टमार्शल करता येतं. कोर्टमार्शल कडक असतं, मान्य. पण जिच्यावर बेतलं ती राहिली तिकडे आफ्रिकेत नाहीतर हैतीत, तिची साक्ष कोण घेणार, निकाल तिला कोण कळवणार? ही मुलगी निदान आपल्याच गावाजवळच्या कोर्टात बोलली, आणि शिक्षा झाली ती तिच्या माणसांसमोर. मला त्याचंच जास्त वाटतं.

बरं, पैसे पाठवलेत. येन पडलाय म्हणून रुपयांत कमी दिसतील, पुढच्या महिन्यात भर घालते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या सुट्टीसाठी लांबवू नका, वहिनी आहे ना. मी नसणार हे मला माहितीये, बोलून नका दाखवू.

त्या स्थळाचं म्हणाल तर मुलगा बरा वाटला, नंबर द्या माझा. पण माझं इथलं कॉन्ट्रॅक्ट अजून दोन वर्षं आहे हे त्यांना आधी सांगा, आणि त्याच्या आईने "तिकडे मुली सेफ असतात का" विचारलं तर आई, तू उत्तर देत बसू नकोस, मला फोन लावून दे.

तुमची,
सोनू