चौथ्या दिवसाचा ताप

खानापूर, श्रावण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. दादाच्या धाकट्याला काय झालं होतं, हे तू फोनवर विचारलंस आणि मला बोलवेना. म्हणून लिहितोय.

तीन दिवस साधा ताप. चौथ्या दिवशी सकाळी पोरगं वैनीलाच ओळखेना. सहा वर्षांचं लेकरू, हातात भाकरीचा तुकडा, नजर भिंतीवर, तोंडानं भलतंच. आई म्हणाली, नजर लागलीय. मीठमोहऱ्या उतरवेपर्यंत उजवा हात झटके द्यायला लागला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. चमचा मी हिसकावला आणि त्याला कुशीवर वळवलं. तेवढंच मला ठाऊक होतं रे.

बेळगावात डॉक्टरीणबाई पाठीतलं पाणी तपासायला काढायचं म्हणाल्या आणि दादा अडून बसला. त्या सुईनं पोरगं लुळं पडतं, हे आपल्याकडं घरोघर ऐकलेलं. बाईंनी दादाच्याच कमरेवर बोट ठेवलं. सुई इथं जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो. मग सही झाली.

रिपोर्ट यायच्या आधीच असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं, शिरेतून, दर 8 तासांनी. निघाला हर्पिस. तापात ओठावर फोड आणतो तोच विषाणू. मेंदूत शिरला आणि औषध मिळालं नाही, तर दहातले सातेक जण जातात. रिपोर्टची वाट बघितली असती तर, हा विचार अजून रात्री उठवतो. 21 दिवस सलाईन चाललं.

मेंदूला असाच सुजवणारा दुसरा आजार म्हणजे जपानी मेंदूज्वर; त्याला तर असं औषधच नाही. डुकरं आणि बगळ्यांतला विषाणू भाताच्या खाचरात वाढणारा डास माणसात आणतो. आपल्या भोवती सगळी खाचरंच. त्याची लस आहे, दोन डोस, 9 महिन्यांनंतर आणि दीड वर्षाच्या आसपास; पण सरकारी यादीत ती ठराविक जिल्ह्यांतच. तुमच्याकडं मिळते का, नर्सबाईंना विचार. गोवरची तर चुकवूच नको. गोवर बरा होऊनही वर्षांनी मेंदू पोखरतो, हे मला तिथंच कळलं.

आता पोरगं घरी आहे. चालतं, खातं, पण शब्द हरवतात. परवा बादली मागायची होती, तर दोन्ही हातांनी हवेत गोल काढून दाखवला. वैनी रोज एकेक वस्तू पुढं ठेवून नाव विचारते. काल ‘तांब्या’ लगेच म्हणाला.

छकुलीच्या लशीचं कार्ड बघून कळव.

तुझाच