डिस्चार्ज कार्डाचे पहिले पान रुग्णासाठी असावे

महोदय,

रुग्णालयातून घरी सोडताना दिले जाणारे डिस्चार्ज कार्ड प्रत्यक्षात दोघांसाठी लिहिलेले असते: पुढच्या डॉक्टरांसाठी आणि विमा कंपनीसाठी. दाखल झाल्याची तारीख, तपासण्यांचे आकडे, शस्त्रक्रियेचा तपशील हे सारे त्यात असते आणि ते असायलाच हवे; परंतु ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या कागदाप्रमाणे वागायचे आहे, त्याच्या वाट्याला शेवटच्या चार-पाच इंग्रजी ओळी येतात. औषधांच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य घालवल्यामुळे मला एवढे खात्रीने सांगता येते की, ‘हे काय लिहिलंय?’ हा प्रश्न अडाणी माणसे विचारतात तितकाच पदवीधरही विचारतात.

या कागदांतली सर्वांत मोठी उणीव म्हणजे कोणते औषध बंद करायचे, हे त्यांत बहुधा नसते. रक्तदाबाची गोळी आधीपासून घेणाऱ्या माणसाला रुग्णालयात तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने सुरू होते. घरी जुनी पाकिटे पडलेली असतात. नवी यादी हाती आल्यावर जुन्या गोळ्यांचे काय करायचे हे कोणी लिहून दिलेले नसल्याने दोन्ही गोळ्या प्रामाणिकपणे घेतल्या जातात. मग उठताना चक्कर येते, म्हातारे माणूस पडते आणि दोष वयाला दिला जातो. म्हणून नुसती नव्या औषधांची यादी पुरेशी नाही. जुनी कोणती चालू ठेवायची, कोणती थांबवायची आणि कोणत्या गोळीचे प्रमाण बदलले, हे तिथेच, औषधाच्या मूळ नावासह लिहिलेले असले पाहिजे.

आमवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतले गेले, तर रक्तपेशी कमी होऊन जिवावर बेतू शकते. अशा औषधापुढे आठवड्यातून एकदा एवढेच इंग्रजीत लिहून भागत नाही. ‘फक्त रविवारी, इतर कोणत्याही दिवशी घेऊ नये’ असे वार घालून मराठीत लिहायला हवे. ‘एसओएस’ या तीन अक्षरांचेही तसेच आहे. गरज पडल्यास घ्या म्हणजे दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा, दोन गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर ठेवून, हे रुग्णाने अंदाजाने ठरवावे काय? तापाच्या गोळीतले पॅरासिटॅमॉल सर्दीच्या गोळीतही असते, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. (‘१-०-१’, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, ही खूण मात्र खेड्यापाड्यांतही रुळली आहे, चांगली सवय लागायला फारसे कष्ट पडत नाहीत, याचा हा पुरावा.)

नियमांचा भर आजवर अक्षरावर राहिला आहे. तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असे सांगण्यात आले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर २०२५ मध्ये वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला. हे स्वागतार्ह आहे. पण संगणकावर छापलेले कार्ड कितीही सुवाच्य असले, तरी ते समजतेच असे नाही. ब्रिटनमध्ये ‘रॉयल कॉलेज’ म्हणवणाऱ्या डॉक्टरांच्या व्यावसायिक संस्थांच्या शिखर संस्थेने २०१८ मध्ये बाह्यरुग्ण तपासणीनंतरचे पत्र थेट रुग्णाला उद्देशून सोप्या भाषेत लिहावे आणि त्याची प्रत त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला द्यावी, अशी शिफारस केली. आपल्याकडची गर्दी पाहता प्रत्येकाला पत्र लिहिणे शक्य नाही, हे मान्य. मात्र बहुतेक मोठ्या रुग्णालयांत कार्ड संगणकावरच तयार होते. त्याच माहितीवरून मराठीत, आणि मागितल्यास हिंदीत, एक वेगळे पान छापणे अवघड नसावे. छापलेले पान डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने एकदा डोळ्यांखालून घालावे, कारण यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘आधी’चे ‘नंतर’ झालेले कळायला जाणता माणूसच लागतो. औषधांविषयी समजावून सांगणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनुसार फार्मासिस्टचेही काम आहे; रुग्णालयातल्या औषध विभागाला यात बिनदिक्कत सामील करावे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी अशा पानाचा एक नमुना ठरवून द्यावा. आजार काय झाला होता, औषधे कशी घ्यायची, कोणती लक्षणे दिसल्यास तारखेची वाट न पाहता लगेच यायचे, पुढच्या वेळी कोणता रिपोर्ट आणायचा आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे त्यात असले तरी पुष्कळ झाले. हा क्रमांक मात्र कोणीतरी उचलणारा असावा. नमुना मंत्रालयात पक्का करण्याआधी तो एखाद्या वॉर्डातल्या नातेवाइकांना मोठ्याने वाचायला द्यावा, औषधे कशी देणार ते त्यांच्याच शब्दांत विचारावे आणि जिथे ते अडतील ती ओळ बदलावी.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, सांगली