ठिबकचे अनुदान मुदतीत मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक व तुषार सिंचन संचांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, याचे आम्हां डाळिंब उत्पादकांनी मनापासून स्वागत केले. ही सवलत दुकानात बिल फाडतानाच हातात पडते. तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही की कुणाची सही आणावी लागत नाही. शेतकरी कर भरत नाही, असे सर्रास म्हटले जाते. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे हे खरेच. परंतु खतांवर ५ टक्के आणि बहुतेक रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के जीएसटी आम्ही भरतो, आणि आमचा ताजा माल करमुक्त असल्याने व्यापाऱ्याप्रमाणे त्याची वजावट आम्हांला मिळत नाही.

अनुदानाचा अनुभव मात्र वेगळा आहे. सूक्ष्म सिंचनासाठी केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ टक्के मिळून ८० टक्के, तर इतरांना ७५ टक्के अनुदान मंजूर खर्चाच्या मापदंडानुसार मिळते. पण महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर पूर्वसंमती मिळाली की संच आधी स्वतःच्या पैशाने घ्यायचा, बिल अपलोड करायचे, मोका तपासणी, म्हणजे संच शेतात बसवला आहे का याची प्रत्यक्ष पाहणी, करून घ्यायची आणि मग वाट पाहायची. २०२४ च्या उन्हाळ्यात मी दीड एकरावर ठिबक केले. त्यासाठी शेकडा दोन रुपये महिना व्याजाने ५० हजार उचलले आणि अनुदान जमा व्हायला नऊ महिने लागले. खात्यात पैसे आल्याचा संदेश मोबाईलवर आला, तोवर ड्रिपरच्या (पाणी थेंबाथेंबाने सोडणाऱ्या तोटीच्या) तोंडाशी क्षार साचून लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना, एकदा ॲसिडची प्रक्रियाही करून झाली होती. व्याजाचे ९ हजार रुपये गेले. जीएसटीच्या नव्या दराने ७० हजारांच्या संचावर ४,९०० रुपये वाचतात. म्हणजे एक सवलत जेवढे देते त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम दुसरीची दिरंगाई खाऊन टाकते. माझ्या बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याला तर पूर्वसंमती मिळूनही मुदतीत रोकड उभी करता आली नाही, आणि त्याची बाग आजही पाटपाण्यावर आहे. ज्याच्यासाठी ८० टक्क्यांचा दर ठेवला, तोच या पद्धतीत बाहेर राहतो.

अनुदान पूर्वीसारखे विक्रेत्याकडे द्यावे, असे मी म्हणणार नाही. फुगवलेली बिले आणि कागदावरचे संच गावोगाव लोकांनी पाहिले आहेत, त्यामुळे पैसे थेट खात्यात येणे हेच योग्य आहे. मात्र त्याला मुदत हवी. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) दिली नाही तर कारखान्याने वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे, अशी तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. जो नियम सरकारने कारखानदाराला लावला, तोच स्वतःला लावावा: मोका तपासणी झाल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत अनुदान जमा व्हावे, त्यापुढील प्रत्येक दिवसाचे व्याज शेतकऱ्याच्या खात्यात यावे, आणि राज्याच्या हिश्श्याची तरतूद नसेल त्या वर्षी पूर्वसंमतीच देऊ नये, म्हणजे कुणी भरवशावर कर्ज काढणार नाही.

आपला,
एक डाळिंब उत्पादक,
ता. सांगोला, जि. सोलापूर