टोपीची मस्केट परस्पर चकमकीची केल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुन्या वस्तूंचे जतन व दुरुस्ती विभाग

पंचवटी, नाशिक
७ जुलै २०२५

विषय : लेखी सूचना डावलून ठासणीच्या मस्केटचे लॉक आणि नळी बदलल्याबाबत

महोदय,

आपल्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये दिलेली मस्केट मागच्या बुधवारी परत मिळाली. कामाच्या पत्रात तीनच गोष्टी होत्या : नळीवरचा नारिंगी, ताजा गंज काढणे, दस्त्याची चीर सांधणे आणि वरून मेणाचा पातळ हात. ‘एकही भाग बदलू नये, जुना तपकिरी थर घासू नये’ असे खाली वेगळे लिहिले होते. दिलेली बंदूक टोपीची होती, म्हणजे घोडा स्फोटक टोपीवर आपटून दारू पेटवणारी; परत आली ती चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारी होऊन. बिलात या कामाला ‘मूळ स्वरूपात आणणे’ म्हटले आहे, आणि आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो.

ही इंडिया पॅटर्न मस्केट आहे. नळी ३९ इंच, बोअर (नळीचे आतले भोक) पाऊण इंच, लॉकपट्टीवर, म्हणजे घोड्याची यंत्रणा बसवलेल्या पट्टीवर, ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह. घडली तेव्हा ती चकमकीची होती, पुढे टोपीवर आणली गेली. नळीचा कान, म्हणजे आतल्या दारूपर्यंत आग नेणारे भोक, मोठा करून आटे पाडले, त्यात ड्रम (पोकळ लोखंडी नळकांडे) बसवला, ड्रमवर टोपी बसवायची बोंडी, म्हणजे निपल. लॉकवरचा रंजकाचा, म्हणजे ठिणगी पकडणाऱ्या बारीक दारूचा, प्याला कापून तिथे ड्रमला टेकू देणारी अर्धगोल खाच केली. फ्रिझन, म्हणजे गारगोटी जिच्यावर घासते ती पोलादी झडप, तिच्या स्प्रिंगसह उतरवली आणि स्क्रूची भोके लोखंडी खुंट्या ठोकून बुजवली. हा बिघाड नव्हे. रंजक भिजले की चकमकीची बंदूक नुसती काठी होते. मे १८४१ मध्ये कँटनजवळ मुसळधार पावसात ३७व्या मद्रास पायदळाच्या एका तुकडीच्या चकमकी बंदुका उडेनात, तेव्हा टोपीच्या बंदुका घेतलेले मरीन सैनिक त्यांच्या सुटकेला पाठवावे लागले. अशा बंदुकीवरचा बदल हा तिच्या नोकरीचा दाखला असतो. आमच्या मस्केटवर तो स्पष्ट दिसत होता. लॉकपट्टी उजेडात तिरकी धरली की बुजवलेल्या भोकांची वर्तुळे पट्टीपेक्षा जरा काळी उठून दिसत. आपल्या कारागिराने नेमके त्यांच्यातच ड्रिल घातले.

सर्वांत मोठे नुकसान मात्र आत आहे. नवा घोडा टंबलरच्या, म्हणजे लॉकच्या आत घोड्याबरोबर फिरणाऱ्या भागाच्या, चौकोनी खुंटावर बसत नव्हता. अशा वेळी नव्या घोड्याचे भोक घासायचे असते, कारण नवा भाग पुन्हा मिळतो. इथे जुना खुंटच कानशीने घासला आहे. त्यामुळे पिशवीत घालून परत पाठवलेला टोपीचा घोडा आता पुन्हा बसवला तरी डुलतो, टोकाशी जवळजवळ ३ मिलिमीटर. तो निपलवर सरळ पडणार नाही. म्हणजे सगळे पूर्ववत करायचे ठरवले तरी ते होण्यासारखे उरलेले नाही. शिवाय नवा घोडा अर्ध्यावर ठेवला तर धक्क्याने सुटतो.

ड्रम काढल्यावर राहिलेले भोक वेल्डिंगने भरून त्यात २ मिलिमीटरचा नवा कान पाडला आहे. त्याआधी नळी रिकामी आहे की नाही हे पाहिल्याची नोंद जॉबकार्डवर नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे : लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. टोक कानाच्या जवळपास पोचले तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. भरलेल्या नळीवर वेल्डिंग झाले असते तर तिथे उभ्या असलेल्या माणसाचे काय झाले असते, याचा आपण विचार करावा.

नळी आम्लातही बुडवलेली दिसते. या नळ्या लोखंडी पट्टी गुंडाळून लांबीने सांधलेल्या असतात. आम्लाने त्या लोखंडाचे तंतू आणि सांध्याची रेघ वर आली आहे, तळाजवळचे चाचणीचे ठसे पुसट झाले आहेत. नंतर आम्लाचा परिणाम नीट थांबवला नाही, म्हणून आषाढाच्या दमट हवेत पाच दिवसांत पुन्हा नारिंगी भुकटी धरली. जो गंज काढायला बंदूक दिली, तोच परत आला. दस्त्याची चीर तेवढी चांगली सांधली आहे.

परवान्यावर ही ‘टोपीची, ठासणीची’ अशी नोंदलेली आहे. आता वस्तू आणि नोंद जुळत नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल करायला परवाना लागतो. त्या परवान्याची प्रत आपण काम घेताना दाखवली नव्हती, ती पाठवावी.

काढलेला ड्रम, निपल आणि कापलेले सर्व तुकडे, अगदी मोडके असले तरी, परत करावेत. कामापूर्वीचे आणि कामादरम्यानचे सर्व फोटो, कोणते आम्ल किती वेळ वापरले आणि वेल्डिंगला कोणती तार वापरली हे लेखी द्यावे. पुढे उपचार करणाऱ्याला ते लागेल. बिलाची पूर्ण रक्कम परत करावी आणि नवा टंबलर घडवण्याचा खर्च द्यावा. घासलेला जुना टंबलर आम्ही बंदुकीसोबतच जपणार आहोत.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू. तोवर ‘दुरुस्त करून देतो’ म्हणून कोणालाही पाठवू नये. बंदुकीला आता आपल्या वर्कशॉपचा हात लागू देणार नाही.

आपले,
संग्रहाची देखभाल पाहणारे

सोबत : कामाच्या पत्राची प्रत, बिल, लॉकपट्टीचे आधीचे आणि नंतरचे फोटो