पडदा ओढून विचारलेल्या प्रश्नासाठी

डॉक्टर मॅडम,

माझी धाकटी बहीण तुमच्याकडे आली तेव्हा तरुण बाई, मेंदूत रक्तस्राव आणि रक्तदाब नॉर्मल. तरीही आधीच्या ठिकाणी ‘बीपीने नस फुटली’ म्हणून मोकळे झाले. बीपीचा रक्तस्राव बहुधा मेंदूत खोलवर होतो. इथे तो वरच्या थराजवळ, दोन जागी होता आणि भोवतालची सूज रक्ताच्या मानाने फार. हे सीटीवर दिसत होतं. त्याही आधी गर्भपातानंतर ज्यांनी पिशवी साफ केली, त्यांनी काढलेला भाग तपासणीला पाठवलाच नाही. हा राग अजून निवलेला नाही.

तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत, पडदा ओढलात आणि माझ्या धाकट्या बहिणीजवळ वाकून हळू विचारलंत, “मूल पडलं होतं का गं?” सासरी लपवलेली गोष्ट तिने तुम्हाला सांगितली. चारचौघांत विचारलं असतं तर ती ‘नाही’च म्हणाली असती, आणि निदान तिथेच हुकलं असतं. रुग्णाची लाज जपणं हाही तपासणीचाच भाग आहे, हे फार थोड्यांना उमगतं.

मेलॅनोमा, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कॅन्सर मेंदूत गेला तरी रक्तस्रावाची भीती असते. तिला झालेल्या कोरिओकार्सिनोमात, म्हणजे गर्भाच्या वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरमध्ये, ती फारच जास्त, कारण वारेच्या पेशींचा स्वभावच रक्तवाहिन्या पोखरण्याचा. गरोदरपण तपासायच्या लघवीच्या पट्टीवर रेघ फिकट आली. वारेच्या पेशींचं हार्मोन, बीटा-एचसीजी, अतोनात वाढलं की चाचणी अशीच फसते. तुम्ही नमुना पातळ करून पुन्हा तपासायला लावलात आणि बीटा-एचसीजी लाखांत निघालं. बायोप्सी होऊ दिली नाहीत, कारण ही गाठ टोचली की भळभळते आणि निदानाला तिची गरजही नसते.

सुरुवातीलाच केमोचा पूर्ण डोस दिला तर गाठी झपाट्याने मरून पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी दर आठवड्याला दोन दिवस इटोपोसाइड १०० आणि सिस्प्लॅटिन २० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, मग ईएमए-सीओ ही पाच औषधांची पूर्ण केमो. मेंदूत पसरला म्हटल्यावर लोक निरवानिरवीचं बोलू लागतात. पण पसरलेला हा कॅन्सर मेथोट्रेक्सेट या औषधाने हटतो हे ली आणि हर्ट्झ या डॉक्टरांनी १९५६ मध्येच दाखवलं होतं, आणि तुम्ही ते आईला न कंटाळता समजावलंत.

बीटा-एचसीजी आता नॉर्मल आहे. औषधं अजून ८ आठवडे चालतील. पाळी येणाऱ्या वयाची बाई मेंदूतला रक्तस्राव घेऊन आली की बीटा-एचसीजी पाठवायचं, असा कागद तुम्ही वॉर्डात लावलाय असं कळलं. त्याबद्दलही मनापासून आभार.

आपली,
रुग्णाची मोठी बहीण