शनिवारी तुम्हाला न्यायला येते

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

शनिवारी गाडी घेऊन येते. दिवाळीआधी तुम्हाला नाशिकला आणायचं ठरवलंय, घरातही बोलून झालंय. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, म्हणून लिहितेय.

घर बंद करत नाही आपण. काकू रोज दिवा लावेल, तुळशीला पाणी घालेल. दादाच्या खोलीतलं काही हलवायचं नाही, हे तिला सांगितलंय. माघात त्याचं वर्षश्राद्ध कऱ्हाडलाच, त्याआधी मीच परत आणून सोडेन. यंदा आमच्याकडेही कंदील नाही, फराळ नाही. तुमची खोली तळमजल्यावर आहे, जिना चढायचा नाही. देव मांडायला कोनाडा रिकामा केलाय, कुंडीत गवती चहा लावलाय. बाबा, पहाटेचा चहा तुम्ही स्वतः करून घ्या, कुणाची झोपमोड होत नाही.

आता मनातलं. आई, तुला वाटतं बाबा सावरले. तेरावा झाला की लगेच उसाला पाणी द्यायला गेले. बाबा, तुम्हाला वाटतं आईनं स्वतःला कोंडून घेतलंय. मी इथे एका समुपदेशक बाईंकडे जाते. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जे मांडलं, ते या बाईंनी मला समजावलं. दुःखातलं माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतं, कधी रोजच्या कामात शिरतं, आणि ही ये-जा चालूच राहते. दोन्ही लागतं. आई रडते ते चुकीचं नाही, बाबा शेतावर जातात तेही नाही. लोक दुःखाच्या पाच पायऱ्या सांगतात ना, त्या कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मुळात मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. एकेक पायरी चढून मोकळं व्हायचं असं काही नसतं.

बाबा, बांधावर एकटेच बसून तुम्ही डोळे पुसता, हे मला कळलंय. आईला कळू द्या. तिला वाटतं, या घरात दादाची आठवण तिला एकटीलाच येते.

आई, छातीत भरून येतं म्हणतेस ते अंगावर काढू नकोस. मोठ्या धक्क्यानं हृदयाचा स्नायू खरोखर दुबळा पडू शकतो, उतारवयातल्या बायकांमध्ये जास्त. बहुतेक जणी बऱ्या होतात, पण तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून तू उद्याच ईसीजी काढायचा. पुन्हा दुखलं तर शनिवारची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. ताप आला की माझ्या उशाशी तू रात्रभर बसायचीस, पायथ्याशी दादा झोपायचा. आता मला तुझ्याजवळ झोपायचंय गं.

रात्री जीव घाबरला तर मला उठवा. माझा फोन लागला नाही तर १४४१६ लावा, टेलिमानस, मन अस्वस्थ असेल तेव्हा बोलायची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

बीपीच्या गोळ्या, जुने रिपोर्ट, बाबांचा चष्मा एकाच पिशवीत ठेवा. दादाचा शर्ट आणायचा असेल तर आण आई, कुणी काही म्हणणार नाही. वाटेसाठी डबा मी आणते, तू पहाटे उठून पोळ्या लाटत बसू नकोस.

तुमची,
चिमी